वाटी सरकते तेव्हा

आमची चिंगी चालता चालता मागचा उजवा पाय उचलायची, चार पावलं तीन पायांवर टुणटुणत जायची, मग पाय झटकून पुन्हा नीट चालू लागायची. पॉमेरियन, वजन साडेसहा किलो. लाडात आलीये, असं आम्ही म्हणायचो. वर्षभर म्हणत राहिलो. तिच्या गुडघ्याची वाटी खोबणीतून आतल्या बाजूला सरकत होती आणि पाय झटकला की जागेवर येत होती.

हे मला मोबाइलवर कळलं, आणि तिथेच चूक झाली. डॉक्टरांना न दाखवता मीच व्यायाम सुरू केले. पाय बळकट व्हावा म्हणून शेलूतल्या आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले तिला रोज दोनदा चढायला-उतरायला लावले. संध्याकाळी खोबरेल तेल लावून गुडघा पूर्ण दुमडायचा, पूर्ण ताणायचा. एकदा ती कळवळली. माझं मनगट तोंडात धरलं, पण दात लावला नाही. तरी मी थांबले नाही. पंधरा दिवसांत तिने पाय टेकणंच सोडलं.

परळच्या बैलघोडा रुग्णालयात डॉक्टरांनी आधी तिला नुसतं चालवून पाहिलं, मग गुडघा हातात घेतला. या दुखण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत वाटी ढकलली तरच सरकते. दुसरीत आपोआप सरकते, परत येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत बसवताही येत नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांना बहुधा शस्त्रक्रियाच लागते. चिंगी दुसरीवर होती. हाडातली उथळ खोबण व्यायामाने खोल होत नाही. मांडीचे स्नायू भरले तर वाटीला आधार मिळतो, व्यायामाचं काम तेवढंच. उड्या आणि जिने यांनी मात्र गुडघ्यातला अस्थिबंधही तुटू शकतो.

आधी दोन आठवडे सक्तीची विश्रांती. मग पट्टा आखूड धरून भातखाचरांकडच्या मातीच्या रस्त्यावर पाच मिनिटं, अगदी हळू. हळू चालण्यातच सगळं आहे: पळताना कुत्रं दुखरा पाय सहज उचलून घेतं, सावकाश चालताना त्याला चारही पाय टेकावे लागतात. घरी भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उठबैस करून घेते, म्हणजे मागचे पाय फाकत नाहीत. पाच वेळा, बस. दुसऱ्या दिवशी लंगडणं वाढलं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

गुळगुळीत फरशीवर गोधडी टाकू नका, ती कुत्र्यासकट सरकते. रबरी चटई घाला. तळव्यांमधले केस कापा, नखं वाढू देऊ नका. चहाबरोबरची बिस्किटं आम्ही बंद केली. पाच महिन्यांत एक किलो उतरलं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. आणि घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

चिंगी आजही कधीतरी पाय उचलते. तुमच्या कुत्र्याने तसा उचलला, तर त्याच वेळी मोबाइलवर त्याचं चालणं टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात गेल्यावर पुष्कळ कुत्री घाबरून नीट चालतात.