कळीवरचे अक्षर

स्मरणिकेत माणसांच्या आठवणी असतात. येथे आम्ही एका लहानशा वस्तूचा पाठ मांडत आहोत. संगणकाच्या कळफलकावरील प्रत्येक कळीवर प्लास्टिकची एक टोपी बसवलेली असते. तिला कीकॅप म्हणतात. आमच्या संगणक कक्षातील जुन्या कळफलकांवरची अक्षरे पुसट झाली, तेव्हा सहावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इंग्रजी अक्षरे पुसली गेली हे खरे, पण मराठी अक्षरे होती कुठे?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही टोपी कशी घडते ते पाहू.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत मोल्डिंगच्या यंत्रावर काम करणाऱ्या पालकांना ही क्रिया नवी नाही. प्लास्टिकचा दाणा तापवून वितळवतात, मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात आणि निवल्यावर साचा उघडून वस्तू बाहेर काढतात. कीकॅपही अशीच तयार होते. शेजारच्या दोन कळींच्या मध्यांतील अंतर साधारण १९ मिलिमीटर ठेवलेले असते. टोपीचा माथा तळापेक्षा अरुंद आणि किंचित खोलगट असतो. त्यामुळे बोट नेमके बसते व शेजारची कळ दबत नाही. एफ आणि जे या कळींवर बारीक उंचवटा असतो. न पाहता बोटांना आपली जागा सापडावी, हा त्याचा हेतू.

यासाठी मुख्यतः दोन प्लास्टिके वापरतात. एबीएस स्वस्त आणि साच्यात सहज बसणारे. परंतु बोटांच्या घर्षणाने ते तुळतुळीत होते. पीबीटी अधिक टिकाऊ. मात्र निवताना ते जास्त आकसते, म्हणून साचा फार काळजीपूर्वक करावा लागतो.

अक्षर उमटवण्याच्या रीती अनेक आहेत. वरून शाईने छापलेले अक्षर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी पुसले जाणारे. लेसरनेही अक्षर कोरता येते. उष्णतेने रंग प्लास्टिकच्या आत मुरवला, तर अक्षर बराच काळ टिकते. सर्वांत टिकाऊ रीत दुहेरी मोल्डिंगची. तीत अक्षर एका रंगाच्या प्लास्टिकचे आणि त्याभोवतीची टोपी दुसऱ्या रंगाची असते. असे अक्षर टोपी झिजेपर्यंत पुसले जात नाही. पण प्रत्येक अक्षराला स्वतंत्र साचा लागतो.

आता मराठी अक्षरांकडे वळू. इंग्रजी कळींचा आजचा क्रम १८७४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या टंकलेखन यंत्रापासून रूढ झाला. आपल्याकडे गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. २००९ मध्ये तिने हे उत्पादन थांबवले. देवनागरी यंत्राच्या कळींवर अक्षरांचे तुकडे असत. 'भ' उमटवायचा तर आधी त्याचे अर्धे रूप आणि मग काना, अशा दोन कळी दाबाव्या लागत. यंत्राला आकार कळत असे, उच्चार नव्हे.

संगणकाने ही अडचण दूर केली. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कळरचना प्रमाणित केली. तीत स्वर डावीकडे आणि व्यंजने मुख्यतः उजवीकडे आहेत. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ख', 'ब'च्या कळीवर 'भ', 'ल'च्या कळीवर आपला 'ळ' मिळतो. बाराखडी शिकलेल्या मुलाला यातील तर्क लगेच उमगतो. उंचवट्याच्या दोन कळींवर या रचनेत ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' आहेत.

म्हणजे मराठी अक्षरांची जागा केव्हाच ठरली आहे. ती टोपीवर छापलेली नाही, एवढेच. नवा साचा नको, त्याच टोपीच्या कोपऱ्यात आणखी एक खूण पुरेशी आहे. तंत्राची उणीव नाही, उणीव मागणीची आहे. आम्ही शिक्षक आणि शाळाही या दोषातून सुटत नाही. कळफलक घेताना आम्ही किंमत विचारली, लिपी विचारली नाही.

याचा परिणाम वर्गात दिसतो. मुले आपल्या शहराचे नाव रेल्वेच्या पाटीवरील रोमन स्पेलिंगवरून टंकतात आणि पडद्यावर 'भयंदर' उमटते. इनस्क्रिप्टमध्ये भ, काना, ई, अनुस्वार, द आणि र अशा सहा कळींत 'भाईंदर' शुद्ध लिहिले जाते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर आम्ही काही कळफलकांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले. पुढील खरेदीत दोन्ही लिप्यांचे कळफलक मागण्याचे ठरवले आहे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही घरासाठी कळफलक घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे : यावर मराठी अक्षरे आहेत का? हा प्रश्न पुष्कळ जणांनी विचारला, तर छापणाऱ्यालाही तो ऐकू जाईल.