कस्तूरीची आयात : निर्बंध आणि वैद्यांचे कर्तव्य

भावप्रकाशात उत्पत्तिस्थानानुसार कस्तूरीचे कामरूप, नेपाळ व काश्मीर असे तीन भेद वर्णिले आहेत. कस्तूरीभैरव रस, मृगमदासव इत्यादी कल्पांमुळे हे द्रव्य वैद्यवर्गास सुपरिचित आहे. ‘देशात शिकारीस बंदी आहे हे मान्य, परंतु रीतसर शुल्क भरून ती परदेशातून आणण्यास काय हरकत?’ या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

कस्तूरी केवळ नर मृगाच्या नाभीजवळील ग्रंथीत उत्पन्न होते. एका कोशात ती साधारणतः २५ ग्रॅम मिळते. शिकाऱ्याचा फास मात्र नर, मादी वा पाडस असा भेद जाणत नाही. त्यामुळे एका कोशापायी अनेक मृग प्राणांस मुकतात. नैतिक वादाचे मूळ येथेच आहे. आसन्नमरण रुग्णास शास्त्रोक्त औषध का नाकारावे, हा एक पक्ष. वंशच्छेदास कारण होणारे औषध धर्म्य कसे, हा दुसरा.

कायद्याने या वादात आपली बाजू निश्चित केली आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११ अन्वये सभ्यता व नीतिमत्ता राखण्यासाठी, तसेच प्राणिजीवनाच्या रक्षणासाठी केंद्र सरकारला आयातीस मनाई करता येते. १९४७ च्या गॅट कराराच्या अनुच्छेद २० मध्येही असेच अपवाद आहेत. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलजन्य वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा कॅनडा व नॉर्वे यांनी तक्रार केली. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०१४ मध्ये प्राण्यांच्या क्लेशाविषयीची लोकभावना हा नीतिमत्तेचा विषय असल्याचे मान्य केले. मात्र बंदीतील सवलती पक्षपाताने राबविल्याचा दोषही दाखविला. या कसोटीवर भारताची भूमिका सुसंगत दिसते, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये देशातील कस्तूरीमृगही अनुसूची १ मध्ये संरक्षित आहे.

साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार, पाकिस्तान व अफगाणिस्तान येथील कस्तूरीमृग येतात. त्यांच्या व्यापारी आयातीस वाव नाही. अन्य देशांतील कस्तूरीमृग परिशिष्ट २ मध्ये असले, तरी निर्यातदार देशाचा परवाना म्हणजे भारतातील प्रवेशाची हमी नव्हे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सीमाशुल्क दरपत्रकाच्या ०५१० या शीर्षात कस्तूरी व अंबर यांचा नामनिर्देश आहे. परंतु दरपत्रक शुल्काचा दर सांगते. आयातीची परवानगी देत नाही. मनाई मोडून आणलेला माल कलम १११ अन्वये जप्तीस पात्र ठरतो. मनाई असलेला माल दंड भरून सोडविण्याची मुभा द्यावी की नाही, हे कलम १२५ नुसार अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असते. अनुसूची १ मधील प्राण्यासंबंधीच्या अपराधास ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. ‘औषधार्थ आणली’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

मग चिकित्सकाने काय करावे? लताकस्तूरीचे बीज प्रतिनिधी द्रव्य म्हणून योजिले जाते. तथापि भावप्रकाशानुसार कस्तूरी उष्ण, तर लताकस्तूरी शीत आहे. शीतांग अवस्थेत केवळ गंधसाम्यावर विसंबून हा बदल करणे शास्त्रास धरून नाही. तेथे अन्य उष्णवीर्य द्रव्यांचा विचार करावा.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती अशी. कोणी ‘परदेशी अस्सल कस्तूरी’ देऊ केल्यास ती नाकारावी. कल्पात प्रतिनिधी द्रव्य योजिले असल्यास औषध नियमावली, १९४५ च्या नियम १६१ प्रमाणे वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी नावे छापावीत. लताकस्तूरी घालून कस्तूरीचे नाव लिहिणे म्हणजे वैद्य व रुग्ण दोघांचीही फसवणूक होय. वैद्यांनीही औषध मागविताना केवळ कल्पाचे नाव न पाहता घटकसूची वाचावी व शंका आल्यास निर्मात्याकडे लेखी विचारणा करावी.