भिंतीवरची शांत वाट

मुलांनो, चीनच्या मोठ्या भिंतीचे चित्र तुम्ही पाहिले असेल. अनेक चित्रांत भिंत कमी आणि माणसेच जास्त दिसतात. बीजिंग शहराच्या वायव्येला बादालिंग नावाची जागा आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे फार गर्दी होते.

पण भिंत तेवढीच नाही. निरनिराळ्या राजवटींनी बांधलेल्या सगळ्या भिंतींची लांबी २१,१९६ किलोमीटर आहे, असे चीनने २०१२ साली जाहीर केले. म्हणून आज आपण गर्दी सोडून दुसरीकडे जाऊ.

बीजिंगच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर जिनशानलिंग हा डोंगराळ भाग आहे. मिंग राजवटीत, १५७० च्या सुमारास, सेनापती ची जिग्वांग याच्या देखरेखीखाली इथली भिंत आणि बुरूज भक्कम करण्यात आले. 'बुरूज' हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत आपण 'बुर्ज' म्हणतो, तोच हा शब्द.

समजा, तुम्ही सकाळी चालू लागलात. सुरुवातीला दुरुस्त केलेली भिंत लागते. पूर्वेकडे जावे तसतशा पायऱ्या झिजलेल्या आणि विटा निखळलेल्या दिसतात. काही बुरुजांवर छप्पर उरलेले नाही. चढ उभा आहे. धाप लागते, म्हणून तुम्ही एका बुरुजाच्या सावलीत थांबता. कानावर फक्त वारा येतो.

आता बारीक गोष्टी दिसू लागतात. चढणीच्या पायऱ्यांवर छोट्या आडव्या भिंती आहेत. शत्रू वर चढून आला, तरी शिपाई त्यांच्या आडून लढू शकत. काही विटांवर अक्षरे आहेत. वीट कोणत्या वर्षी, सैन्याच्या कोणत्या तुकडीने घडवली, हे ती सांगतात. मिंग काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत, त्यामुळे विटांचे जोड घट्ट बसत.

तुमच्या पायाशी एक सुटी वीट पडली आहे. हात शिवशिवतात. आठवण म्हणून ती पिशवीत टाकावी का? भिंतीवर आपले नाव कोरावे का? पाहणारे तर कोणी नाही!

थांबा. पूर्वी भिंतीजवळच्या गावांतील लोकांनी घरे बांधण्यासाठी तिच्या विटा नेल्या. २००६ च्या चिनी नियमांनी विटा नेण्यास आणि भिंतीवर कोरण्यास मनाई केली. तरीही २०२३ साली शान्शी प्रांतात दोघांनी जवळचा रस्ता मिळावा म्हणून यंत्राने भिंत फोडली. तीही जागा गर्दीपासून दूरच होती. पोलिसांनी त्यांना पकडले, पण शेकडो वर्षांची भिंत गेली ती गेलीच.

गर्दीच्या जागी पहारेकरी असतो. शांत वाटेवर तुम्हीच पहारेकरी असता. ती वीट जागेवरच राहू द्या. तुमच्या मागून येणाऱ्या मुलालाही तिच्यावरची अक्षरे पाहायची आहेत.

शब्दार्थ
राजवट – एका घराण्याचे राज्य
भक्कम – मजबूत
निखळणे – जागेवरून सुटणे
हात शिवशिवणे – काही करण्याची तीव्र इच्छा होणे
मनाई – बंदी

स्वाध्याय
१. विटांवरील अक्षरे काय सांगतात?
२. पायऱ्यांवर आडव्या भिंती का बांधल्या होत्या?
३. 'शांत वाटेवर तुम्हीच पहारेकरी असता.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाजवळच्या किल्ल्याची किंवा जुन्या इमारतीची काळजी तुम्ही कशी घ्याल? पाच वाक्ये लिहा.