दात काढल्यानंतर काय खावे?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वार्धक्याची थट्टा म्हणून ती सांगितली जाते; परंतु दात काढून घेतल्यानंतरचा पहिला आठवडा ज्याने काढला आहे, त्याला ती थट्टा वाटत नाही. त्या आठवड्यात घरात सर्व काही असते, भूकही असते, पण ‘खायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. दंतवैद्य ‘मऊ खा’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतात. मऊ म्हणजे नेमके काय, किती आणि कोणत्या दिवशी, हे घरच्यांनीच ठरवायचे असते. ते नीट न ठरवल्याने काय होऊ शकते याचा अनुभव मी पिंजौरला घेतला. तो वाचकांपुढे ठेवणे उपयुक्त होईल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

पिंजौरचा जानेवारी

बदलीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड काही काळ पिंजौर येथे होते. हरयाणाच्या पंचकुला जिल्ह्यातील हे गाव शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंदीगडहून सिमल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. सतराव्या शतकातील मोगल पद्धतीचे यादवेंद्र उद्यान ही त्याची जुनी ओळख. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना ही अलीकडची ओळख होती. तो २०१६ साली बंद झाला. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांशी बोलताना दात, कवळी आणि जेवण हा विषय हटकून निघत असे. तो विषय आपल्याच घरी येईल, असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

त्या हिवाळ्यात माझे वडील साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आले होते. अण्णांचे वय चौऱ्याहत्तर. मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू. कवळी बसवण्यापूर्वी खालचे तीन हलणारे दात काढावे लागतील, असे दंतवैद्यांनी सांगितले आणि ११ जानेवारीस ते काम निर्विघ्न पार पडले. अडचण पुढे आली. दुखेल या धास्तीने अण्णांनी दोन दिवस चहा आणि चहात बुडवलेली दोन बिस्किटे यांखेरीज काहीच घेतले नाही. आम्ही आग्रह केला की म्हणत, “राहू दे, उद्या जेवेन.” गोळी मात्र ते शिस्तीने वेळेवर घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बीजी भेटीस आल्या. खोलीत थंडी असताना अण्णांच्या कपाळावर घाम आणि हातांना कंप आहे, हे त्यांच्याच प्रथम ध्यानात आले. घरातील यंत्रावर रक्तातील साखर तपासली, तर ती ५८ भरली. सत्तरच्या खाली साखर जाणे हे धोक्याचे लक्षण. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आणि आकडा वर आल्यावर आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. सायंकाळी बीजींनी दुधात शिजवलेला पातळ दलिया पाठवला. अण्णांनी तो कोमट करून वाटीभर खाल्ला आणि म्हणाले, “अरे, ही तर आपली लापशी!”

या प्रसंगाने मला दोन गोष्टी शिकवल्या. दात काढल्यानंतरच्या पथ्यात ‘काय खाऊ नये’ हे जितके महत्त्वाचे, तितकेच ‘उपाशी राहू नये’ हेही महत्त्वाचे आहे. आणि जखम सांभाळून पोट भरण्याचे साहित्य आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासूनच आहे. केवळ त्याचा क्रम ठाऊक असावा लागतो.

मुदतीआधी न मोडावयाची ठेव

दात निघाला की हिरडीत व हाडात एक खोबण उरते. तिच्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. तीच जखमेचे झाकण असते. तिच्या आधारे नवी पेशीरचना वाढते, काही आठवड्यांत हिरडी वरून मिटते आणि आतील हाड भरून येण्यास काही महिने लागतात. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर ही गुठळी म्हणजे मुदत ठेव होय. ती मुदतीआधी मोडली, तर नुकसान आपलेच.

गुठळी निसटली किंवा विरघळली की आतील हाड उघडे पडते. या अवस्थेस ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या दाढांच्या, विशेषतः अक्कलदाढेच्या जागी ती अधिक आढळते. कमी होत आलेले दुखणे दोन-तीन दिवसांनी एकाएकी वाढते, कळ कानापर्यंत जाते आणि तोंडास दुर्गंधी येते. अशा वेळी घरगुती उपाय न करता दंतवैद्यांकडेच जावे.

पथ्याचे बहुतेक नियम या एका गुठळीसाठी आहेत. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये. स्ट्रॉने काहीही पिऊ नये. ओढण्याच्या जोराने गुठळी निसटू शकते. शहाळ्याचे पाणी प्यावयाचे तर पेल्यात ओतून प्यावे. विडी-सिगारेट, तंबाखू, मशेरी आणि मद्य पूर्णतः वर्ज्य. अतिशय गरम पदार्थाने रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. पिंजौरच्या थंडीत वाफाळता चहा दूर ठेवणे ही तपश्चर्याच होती. पण बोटाला कोमट लागेल इतपत निवू देऊनच तो प्यावा.

मऊ कशाला म्हणावे?

याची एक सोपी कसोटी आहे. जो घास दातांच्या मदतीवाचून, केवळ जिभेने टाळूवर दाबून चुरडता येतो, तो मऊ. घास तोंडात घालण्यापूर्वी अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबून पाहिला तरी अंदाज येतो. या कसोटीवर बिस्किट उतरत नाही. त्याचा चुरा खोबणीत जाऊन बसतो. टोस्ट, खारी, फरसाण, चिवडा यांचेही तेच.

मऊपणाच्या जोडीस दुसरी कसोटी कणांची. पदार्थ मऊ असूनही त्यातील एखादा बारीक दाणा खोबणीत अडकू शकतो. आपल्या फोडणीतील मोहरी व जिरे, भाजीवरील तीळ, साबुदाण्याच्या खिचडीतील दाण्याचे कूट हे सारे याच प्रकारात मोडतात. म्हणून त्या आठवड्यात वरणाला केवळ हिंग-हळदीची फोडणी द्यावी. उत्तरेकडील दुकानांत सालासकट मुगाची डाळ सर्रास मिळते. तिची हिरवी साले शिजल्यावरही चिवट राहतात व हिरडीला चिकटतात. तेथे ‘धुली मूँग’ म्हणजे बिनसालीची डाळ मागून घ्यावी.

दिवसांप्रमाणे आहार

आयुर्वेदात शोधनचिकित्सेनंतर एकदम पूर्ण जेवण न देता पेया, विलेपी, यूष अशा चढत्या क्रमाने रुग्णास नेहमीच्या अन्नाकडे आणण्याची पद्धत सांगितली आहे; तिला संसर्जन क्रम म्हणतात. तो क्रम दातांसाठी सांगितलेला नाही; परंतु पातळाकडून घट्टाकडे जाण्याचे त्यामागील सूत्र येथेही उपयोगी पडते.

पहिला दिवस. बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार तास, काहीही चावू नये. नकळत गाल किंवा ओठ चावला जातो. त्यानंतर गार किंवा कोमट पातळ पदार्थ घ्यावेत : दूध, घोटलेले ताजे दही, पातळ ताक, मुगाचे गाळलेले कढण, तांदळाची किंवा नाचणीची पेज. मिरची, आंबट फळांचा रस व लोणच्याचा खार यांनी जखम झोंबते, म्हणून ते टाळावेत.

दुसरा व तिसरा दिवस. सूज बहुधा याच काळात सर्वाधिक असते आणि तोंड पुरते उघडत नाही. या वेळी गुरगुट्या भात पळीने घोटून, वर साजूक तूप व चिमूटभर मेतकूट घालून द्यावा. मुगाच्या डाळीची आसट खिचडी, दुधातला दलिया, रव्याची खीर, कुस्करलेला बटाटा, लाल भोपळ्याचे सपक भरीत, पिकलेले केळे, मऊ परतलेले अंडे हे पदार्थही चालतात. भाताची सुटी शिते टाळावीत.

चौथा ते सातवा दिवस. वरणात किंवा दुधात कुस्करून भिजवलेली पोळी, इडली, बारीक कुस्करलेले ताजे पनीर, कढी-भात, शिजवून घोटलेल्या भाज्या. पंजाब-हरयाणाकडील कढीत भजी असतात. ती बाजूस काढावीत. सरसोंचा साग कमी तिखटाचा व चांगला घोटलेला असेल तर या टप्प्यावर चालतो, मात्र त्याच्यासोबतची मक्याची रोटी नको. घास विरुद्ध बाजूने चावावा. पुढे दंतवैद्यांच्या सल्ल्याने नेहमीच्या जेवणाकडे वळावे.

पोट भरले, पण पोषण झाले का?

जखम भरून येण्यास प्रथिने लागतात. प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास जवळपास पन्नास ग्रॅम. चहा आणि पेज यांवर ही गरज भागत नाही. परंतु हिशेब मांडून पाहिला तर ती मऊ आहारातूनही सहज पुरी होते. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, दोनशे ग्रॅम दह्यातून ६ ग्रॅम, साठ ग्रॅम मुगाच्या डाळीतून १४ ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅम मिळतात. ही बेरीज ४५ होते. उरलेली भर तांदूळ व दलिया घालतात. अंडी खाणाऱ्यांना प्रत्येक अंड्यामागे आणखी ६ ग्रॅम मिळतात. एका वेळी फार खाववत नसल्याने तीन जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. या आठवड्यात उपवासही करू नयेत.

ज्येष्ठांसाठी विशेष सूचना

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन न जेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून दात काढण्याची तारीख ठरली की, ‘जेवण कमी झाले तर औषध कसे घ्यावे?’ हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा. आपल्या मनाने गोळी बंद करू नये किंवा तिची मात्रा बदलू नये. घाम, कंप, धडधड किंवा गोंधळलेपणा दिसताच साखर तपासावी, आणि ती सत्तरखाली असल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडावाटे काही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तसे दंतवैद्यांना आधी सांगावे. ती औषधेही परस्पर बंद करू नयेत. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर हलकेच तोंड धुवावे आणि पाणी न थुंकता तोंडातून नुसते पडू द्यावे. दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव, ताप, तिसऱ्या दिवसानंतरही वाढती सूज किंवा गिळण्यास त्रास, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये.

तिळगुळाची मुदत

अण्णांच्या पथ्याचा तिसरा दिवस लोहडीचा होता आणि चौथा संक्रांतीचा. आदल्या सायंकाळी गल्लीत शेकोटी पेटली. बीजींच्या घरून रेवडी, गजक आणि भुईमुगाच्या शेंगा आल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तिळाचे लाडू वळले गेले. तीळ, गूळ, दाणे : दाताच्या खोबणीचे सारे शत्रू एका ताटात! अण्णा मुलांच्या हातांवर तिळगूळ ठेवत होते, पण स्वतःला घेता येत नव्हता. मुलांनी दिलेले लाडू त्यांनी एका डबीत घातले, झाकण लावले आणि म्हणाले, “तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. मला घाई नाही.”

त्या वर्षी रथसप्तमी तीन आठवड्यांनी आली. तोवर दंतवैद्यांनी जखम पाहून समाधान व्यक्त केले होते आणि रक्तातील साखरही ताळ्यावर होती. अण्णांनी डबी उघडली, एका लाडवाचा सुपारीएवढा तुकडा मोडून तोंडात घातला आणि दुसऱ्या बाजूने सावकाश चघळला. उरलेला लाडू त्यांनी बीजींना नेऊन दिला.