दोन पल्सर

मुलांनो, समजा घरी जुनी मोटारसायकल घ्यायची आहे. गोंदियाच्या एका गॅरेजसमोर दोन पल्सर उभ्या आहेत. टाकीवर नाव एकच. कोणती घ्याल? रंग पाहू नका, इंजिन पाहा.

पुण्याच्या बजाज कंपनीने पहिली पल्सर 2001 साली आणली. ती 150 आणि 180 सीसी अशा दोन प्रकारांत मिळे. दिवा गोल होता आणि इंजिनात स्पार्क प्लग एक. 2003 साली नवे मॉडेल आले. त्याचा दिवा सर्वांना दिसला, पण खरा बदल आत होता. प्लग आता दोन होते.

दोन प्लग कशाला? सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. प्लगची ठिणगी पडली की ते पेट घेते आणि पिस्टनला ढकलते. ठिणगी एकाच बाजूला पडली, तर ज्वाला, म्हणजे आपल्या उर्दूतला शोला, दुसऱ्या टोकाला उशिरा पोचते. पिस्टन तर थांबत नाही! दोन बाजूंनी ठिणगी पडली, की मिश्रण लवकर आणि पुरते जळते. तेवढ्याच पेट्रोलात जास्त काम होते.

मात्र दोनपैकी एक प्लग बंद पडला, तरी गाडी चालत राहते. जोर कमी होतो, पेट्रोल जास्त लागते. मालकाला वाटते, गाडी म्हातारी झाली.

एमएच-35 यावरून गोंदियाची नोंदणी कळते, वर्ष कळत नाही. म्हणून आधी आरसी बुकात गाडी बनल्याचे वर्ष वाचा. मग सिलिंडरजवळ वाकून प्लगच्या वायरी मोजा.