बालकाचे नाव कसे ठेवावे?



शूद्राचे नाव निंदावाचक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. कचरू, दगडू, धोंडू ही नावे मूल जगावे या भोळ्या समजुतीनेही ठेवली जात. पण शाळेच्या पटावर तीच टोमणा होत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि घराघरांत नवी नावे आली. राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही बौद्ध इतिहासातली. तर धम्मदीप, प्रज्ञाशील, भीमरत्न ही दोन शब्द जोडून आपण घडविलेली. त्यांत नवस नाही, जात नाही. म्हणून ती आपणांस प्रिय वाटतात.

परंतु नावानेच माणूस घडतो काय? जातकात पापक नावाच्या शिष्याची कथा आहे. नाव अशुभ वाटून तो दुसरे शोधायला निघाला. त्याला जीवक मेलेला दिसला, धनपाली दासी मजुरी न आणल्याने मार खाताना दिसली, पंथक वाट चुकलेला भेटला. नाव केवळ ओळखीसाठी असते, हे उमजून तो परतला.

मग नाव का बदलावे? हीनपणाचा शिक्का झुगारण्यासाठी. म्हणून पंचांगातले अक्षर न पाहता, त्रिशरण-पंचशील घेऊन नामकरण करावे व नावाचा अर्थ सर्वांना सांगावा. मात्र घरातल्या दगडू आजोबांना त्यांच्या नावावरून हिणवू नये. आणि मुलाचे नाव प्रज्ञाशील ठेवून बापाने दारू पिऊ नये, मुलाची शाळा बुडवू नये. नाव आपण देतो. अर्थ आचरणाने द्यावा लागतो.

जय भीम!