चाकाखालचा रस्ता : नवशिक्या मोटारसायकलस्वारासाठी एक धडा

रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा महामार्ग शहराची वस्ती मागे टाकून उत्तरेस धरसीवाच्या दिशेने निघाला, की वाटेत सिलतरा लागते. हा मूळचा धानाच्या शेतांचा मुलूख. आज येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि रोलिंग मिल यांची मोठी औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. पाळी बदलण्याच्या सुमारास कामगारांच्या मोटारसायकली आणि कोळसा, लोहखनिज व सळ्या वाहणाऱ्या अवजड मालमोटारी एकाच रस्त्यावर येतात. त्या स्वारांपैकी अनेकांच्या हाती गाडी नुकतीच आलेली असते. घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतच्या थोड्या अंतरात डांबर, काँक्रीट, मुरूम, चिखल आणि रेल्वेचे रूळ अशा निरनिराळ्या पृष्ठभागांशी त्यांची गाठ पडते. दुचाकी शिकण्यास याहून चांगली शाळा मिळणे कठीण. मात्र या शाळेतील शिक्षाही कठोर असते.

मोटारसायकल व रस्ता यांचा संबंध फक्त दोन ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग वाढविणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया तेवढ्याच जागेतील घर्षणाच्या बळावर होतात. ही पकड एकाच पुरचुंडीतील रकमेसारखी आहे: वळणात ती खर्ची पडत असतानाच ब्रेकसाठीही मागितली, तर पुरचुंडी रिकामी होते आणि चाक घसरते. म्हणूनच वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना.

पकड कमी झाली की काय घडते, हे साध्या हिशेबाने कळते. कोरड्या, खरबरीत डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी पूर्ण ब्रेक लागल्यानंतर सुमारे ९ मीटरांत थांबते. घर्षणांक निम्मा झाला, की तिला १८ मीटर लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेच आकडे सुमारे २० आणि ४० मीटर असे होतात. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या वेगाने गाडी आणखी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या मालमोटारीपासून दहा-बारा मीटरांवर राहून आपण सावध आहोत असे मानणाऱ्या स्वाराने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो; त्यामुळे थांबविण्याचे बहुतेक काम हाताचा, म्हणजे पुढचा, ब्रेक करतो. त्याला घाबरून केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबण्याची सवय नवशिक्यांत फार आढळते, आणि ती चुकीची आहे. पुढचा ब्रेक झटक्याने न ओढता क्रमाक्रमाने दाबावा. तथापि डांबर नेहमी सारखे नसते. मे महिन्यात रायपूरचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तेव्हा जड वाहतुकीच्या रस्त्यांवर डांबर पाझरून वर येते आणि काळे, चकचकीत पट्टे तयार होतात. अशा पट्ट्यांवर पकड कमी असते आणि पाऊस पडल्यावर ती आणखीच कमी होते.

पहिल्या पावसाची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. महिनोन्‌महिने साचलेले तेल, टायरची झीज व धूळ पावसाच्या पहिल्या सरीत ओली होते, पण वाहून जात नाही. औद्योगिक वसाहतीत या थरात कोळशाची आणि खनिजाची भुकटीही मिसळते. रिमझिम पावसाने तिचा लेप बनतो. तासभर जोरदार पाऊस पडून गेल्यावरचा रस्ता रिमझिमीतल्या रस्त्यापेक्षा बरा, हे नवख्याला उलटे वाटेल. मालमोटारींच्या चाकांना लागलेला चिखल डांबरावर उतरतो, त्या फाटकांजवळच्या जागा सर्वांत फसव्या. कारण स्वार डांबर पाहतो आणि त्याची गाडी मात्र चिखलावरून जात असते. नीट न झाकलेल्या गाडीतून सांडलेली लोहखनिजाची पेलेट हीदेखील अशीच एक बाब. वाटाण्याहून थोड्या मोठ्या या गोल, टणक गोळ्या वळणावर चाकाखाली आल्या, तर त्या छर्‍यांसारख्या गडगडतात.

डांबर संपून मुरूम सुरू होतो तेथे सवयी बदलाव्या लागतात. मराठी वाचक ज्याला मुरमाड माळ म्हणेल, त्या तांबड्या, खडेयुक्त जमिनीला छत्तीसगढी शेतकरी ‘भाठा’ म्हणतो. काळ्या, चिकण जमिनीला ‘कन्हार’. स्वाराच्या दृष्टीने हे दोन परस्परविरुद्ध प्रदेश आहेत. भाठ्यावर सुटे खडे चाकाखाली सरकतात व हँडल डावी-उजवीकडे हलते. ते घट्ट आवळून स्थिर करण्याचा प्रयत्न करू नये. कोपर सैल ठेवावे, गुडघ्यांनी टाकी धरावी, नजर दूर ठेवावी आणि ॲक्सिलरेटरची मूठ एकसारखी राखावी. वेग खालच्या गिअरने कमी करावा, पायाचा ब्रेक हलका वापरावा व हाताचा त्याहून हलका. कन्हार जमीन ओली झाली, की माती टायरच्या खाचांत आणि मडगार्डमध्ये भरते व अखेरीस चाक फिरेनासे होते. तेथे कौशल्याचा उपयोग मर्यादितच. उतरून गाडी ढकलण्यात कमीपणा मानू नये.

येथे एका यांत्रिक गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा, तर त्याहून लहान गाड्यांना निदान संयुक्त ब्रेक बंधनकारक झाले. संयुक्त ब्रेकच्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचे चाकही काही अंशी धरले जाते. खडीवर ‘मी फक्त मागचा ब्रेक लावला’ असे म्हणणाऱ्या स्वाराला ही गोष्ट ठाऊक नसते. एबीएस चाकाला अडकू देत नाही, परंतु रस्त्यात नसलेली पकड निर्माण करत नाही. सुट्या खडीवर गाडी थांबण्यास तिच्यामुळे अधिक अंतरही लागू शकते.

सर्वांत गंभीर धोका मात्र घसरण्याचा नाही. तो रस्त्याच्या कडेचा आहे. मागून येणारी मालमोटार भोंगा वाजविते, नवशिका घाबरून साइडपट्टीवर उतरतो. साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटे खाली असते. गाडी डगमगू लागते आणि तो लगेच परत वर येऊ पाहतो. दोन चाकांची गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचे चाक किंचित वळवूनच तोल सावरला जातो. डांबराच्या काठाला समांतर घासत जाणाऱ्या चाकाला ही मोकळीक उरत नाही. त्यामुळे गाडी आडवी होते, आणि बहुधा रस्त्याच्या बाजूसच, म्हणजे मालमोटारीच्या चाकांपुढे. अशा वेळी साइडपट्टीवरच सरळ जात राहावे, वेग हळूहळू उतरवावा, मालमोटार पुढे जाऊ द्यावी. मग मागे पाहून, काठापासून थोडे दूर जाऊन, शक्य तितक्या आडव्या दिशेने व अगदी कमी वेगात वर चढावे. काठ फार उंच असेल, तर थांबून उतरावे.

रुळांचेही गणित हेच. मांढर स्थानकाच्या बाजूस किंवा कारखान्यांच्या सायडिंगवर रस्ता लोहमार्गाला तिरपा छेदत असेल, तर चाक रुळालगतच्या फटीत सापडते. मागची वाहतूक पाहून, पुरेशी जागा घेऊन गाडीचा रोख असा बदलावा, की रूळ जवळजवळ काटकोनात ओलांडला जाईल. आणि ओले पोलाद चाकाखाली असेपर्यंत ब्रेक, गिअर वा मूठ यांपैकी कशालाही हात लावू नये.